पेटवून दिलेली विडी

लातूरच्या दवाखान्यात नर्सनं प्लास्टिकची डबी हातात दिली, तेव्हा व्यंकटला वाटलं, लघवी तपासायची असेल. तो ‘हाव’ म्हणून निघालाही. मग नर्सनं त्याला थांबवून, खाली मान घालून, हळू आवाजात डबीत काय पाहिजे ते सांगितलं, आणि गड्याचे कान तापले. पोरगी त्याच्या धाकट्या बहिणीच्या वयाची. असलं सांगायला दवाखान्यात एखादा बाप्या ठेवायला काय धाड भरली होती यांना?

संडासाच्या दाराला कडी नव्हती. एका हातानं दार लोटून धरायचं, दुसऱ्या हातात डबी, आणि बाहेर कोणीतरी मोबाइलवर सोयाबीनचा भाव विचारून राहिलेला, तोही ओरडून. व्यंकटच्या कपाळावरून घाम गळत होता. बाहेर आला तेव्हा डबी त्यानं टोपीखाली झाकून आणली होती. नर्सनं ती तशीच टोपीसकट टेबलावर ठेवायला सांगितली, आणि बाकड्यावरच्या साऱ्या बाया आपल्याकडंच बघून राहिल्यात असं त्याला वाटलं. खरं तर कोणी बघत नव्हतं. ज्याला त्याला आपली पडलेली.

डॉक्टर चांगला होता. चिडणारा नव्हता. त्यानं आधी व्यंकटच्या शर्टाच्या खिशाकडं पाहिलं. खिशातून विडीचा कट्टा डोकं काढून बसला होता.

“दिवसाला किती होतात?”

“आता मोजून कोन वढतंय साहेब.”

“म्हणजे कट्टा?”

“कट्टा तर सरतोच. कामाच्या दिसांत त्येच्यावर.”

डॉक्टरनं चष्मा काढला. “हे बघा, तुमचं बीज कमी आहे. आहे तेही मरगळलेलं, त्याला पुढं सरकायची ताकद नाही. बाकी तुमच्यात मला खोट दिसत नाही, तब्येत दणकट आहे. विडी सोडा. तीन महिने तोंडाला लावू नका. नवं बीज तयार व्हायला तेवढे दिवस लागतात. मग परत या, आपण बघू.” आणि मग विचारलं, “मंडळी ओढतात का?”

“न्हाई, न्हाई,” व्यंकट घाईनं म्हणाला.

“तुमचा धूर तर तिच्या नाकात जातोच. गड्याचं पुष्कळ भरून येतं. बाईची अंडी जन्मतानाच जेवढी मिळायची तेवढी मिळतात, नवी होत नाहीत. धुरानं ती लवकर सरतात. म्हणून म्हणतो, घरात विडीच नको.”

व्यंकट मान डोलवत राहिला. तो खोटं बोलला होता. सत्यशीला ओढत होती. आणि तिला विडी कोणी लावली हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक होतं?

त्याचं असं होतं, की निलंग्याकडच्या त्या गावात साऱ्यांनी ट्रॅक्टरनं पेरायला सुरुवात करून जमाना झाला, पण व्यंकटच्या ओढ्याकाठच्या चिबाड रानात ट्रॅक्टर रुतायचा. म्हणून त्यानं बैल ठेवले होते आणि हरभरा तिफणीनंच पेरायचा. एका हातात कासरा, दुसरा हात तिफणीवर. मागं सत्यशीला, ओटीत बी घेऊन, मुठीनं तिफणीच्या चाड्यात सोडत चालणारी. लग्नानंतरच्या पहिल्याच पेरणीला व्यंकटला तलफ आली. हात मोकळे नाहीत. बैल थांबवले तर ओळ मोडते.

“सत्यशीले, एक विडी पेटवून दे की.”

नवी नवरी. तिनं पदराच्या आडोशाला काडी ओढली. वाऱ्यानं विझली. परत ओढली.

“आगं नुसती काडी लावून पेटत न्हाई ती. तोंडात धर, दोन दम मार, मंग दे.”

तिनं दम मारला आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर खोकली. व्यंकट खो खो हसला. बैलही दचकले. मग तिनं विडी त्याच्या ओठांत दिली, आणि खरं सांगायचं तर त्या वेळी त्याला फार गोड वाटलं. तिलाही वाटलं असेल. नवरा-बायकोची तेवढीच थट्टा होती त्या घरात. पुढं पेरणीला, कोळपणीला, तूर कापताना हात गुंतले की तो नुसतं ‘ए’ म्हणायचा आणि ती पेटवून द्यायची. दोनाचे तीन दम झाले, तीनाचे चार. मग कधीतरी ती त्याला न देताच एखादी ओढू लागली, बांधाच्या पलीकडं, चोरून. व्यंकटच्या कट्ट्यातून विड्या कमी व्हायला लागल्या. त्यानं ओळखलं आणि गालात हसला. बायको आपल्यासारखी झाली म्हणून हसला, नालायक!

लातूरहून तो घरी आला तेव्हा दोघी दारातच होत्या. म्हातारी कस्तुराबाई उंबऱ्यावर पाय पसरून बसलेली, सत्यशीला पाण्याचा तांब्या घेऊन उभी. हिनंच पाय धरून त्याला पाठवलं होतं, “येकदा तुमीबी दाखवा, माज्यासाठी.” कस्तुराबाईला ते पटलं नव्हतं. माझ्या लेकाला काय झालंय, म्हणून ती सकाळपासून फणफणत होती.

“काय म्हनला रं डाक्टर?”

बसमध्ये व्यंकटनं सगळं ठरवलं होतं. आई समोर नसताना सत्यशीलेला सांगायचं, दोघांनी मिळून विडी सोडायची. पण आईनं दारातच विचारलं, आणि समोर धाकट्या सुदर्शनची बायको पुनम कडेवर पोरगं घेऊन उभी होती.

“समदं बेस हाय,” तो म्हणाला.

“म्या म्हनलं नव्हतं?” कस्तुराबाईनं मांडीवर थाप मारली. “उगंच माज्या लेकाला हेलपाटा!”

व्यंकटनं बायकोकडं पाहिलं. ती रडंल, असं त्याला वाटलं होतं. तिनं तांब्या पुढं केला आणि म्हणाली, “बरं झालं बाई. तुमच्या जिवाला घोर नको.” मनापासून म्हणाली. व्यंकटनं तांब्या तोंडाला न लावताच खाली ठेवला.

विडी त्यानं सोडली. हाव, सोडली होती, कोणी नाही म्हणू नये. आठवडाभर तोंडात बडीशेप धरून हिंडला. कोणावरही खेकसायचा, बैलांना मारायचा. मग हरभऱ्याची पेरणी आली. कासरा हातात आला, पायाखाली ढेकळं आली, आणि सवयीनं तोंडातून ‘ए’ निघून गेलं. सत्यशीलेनं तर हसून विचारलं, “सोडली म्हनत हुते की?” आणि पदराच्या आडोशाला काडी ओढली. दोन दम मारले. व्यंकट मागं वळून बघत होता. तिचे गाल आत गेले, धूर तिच्या छातीत उतरला. ‘नको ओढू’ हे दोन शब्द. तेवढे म्हणायचे होते. म्हटले असते तर ‘का?’ आलं असतं, आणि ‘का’चं उत्तर द्यावं लागलं असतं. त्यानं तोंड पुढं केलं आणि विडी ओठांत घेतली.

दिवाळी झाली तसा कस्तुराबाईनं नवा घोशा लावला. “लेकाचं बेस हाय, तर मंग हिच्यातच काई तरी हाय. उदगीरला बाई डाक्टर हाय, पुनमची भावजय तिथंच बरी झाली. न्या हिला.”

“बघू की आई पुढं.”

“पुढं कवा? मी मेल्यावर?”

व्यंकट तिला उदगीरला घेऊन गेला. डॉक्टरीणबाईनं सांगितलं, आतून औषध सोडून गर्भनळ्यांचा फोटो काढावा लागंल, थोडं दुखंल. ‘नको, माझंच कमी निघालंय’ एवढं बोलायला तिथं कोणाची भीती होती? आई नव्हती, पुनम नव्हती. व्यंकट बोलला नाही. सत्यशीलेला आत नेलं. तो व्हरांड्यात उभा राहिला. थोड्या वेळानं आतून तिचा आवाज आला. ती ‘आई गं’ म्हणून ओरडली आणि कोणीतरी तिला दटावलं. व्यंकट तिथून निघून सरळ रस्त्यापलीकडच्या टपरीवर गेला आणि विडी पेटवली. माणसानं इतकं नीच व्हावं!

परत येताना एसटी खड्ड्यात आदळली की सत्यशीला दोन्ही हातांनी पोट धरायची.

“लई दुखलं का गं?”

“दुखलं तर दुखलं. नळ्या मोकळ्या हायत म्हनली ती. म्हंजी माजंबी बेस हाय.” मग जरा वेळानं म्हणाली, “तुमचंबी बेस, माजंबी बेस. मंग देवाचंच काय बिनसलंय आपल्यावर?”

व्यंकट खिडकीबाहेरच्या तुरीकडं बघत राहिला. तिनं त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि झोपली. निलंगा येईस्तोवर त्यानं खांदा हलवला नाही. तेवढीच काय ती त्याची मर्दुमकी.

मग वेळ अमावस्या आली. लातूरकडं त्या दिवशी गावात माणूस सापडत नाही, सारा मुलूख रानात जातो. व्यंकटनं आणि सुदर्शननं आदल्या दिवशीच कडब्याची कोपी घातली. आत पांडवांचे पाच दगड चुन्यानं रंगवून मांडले. सकाळी बाया भज्जीची पातेली, आंबिलाचं मडकं, उंडे, तिळाच्या पोळ्या डोक्यावर घेऊन आल्या. हरभरा घाट्यावर आला होता. पोटुशी झालेल्या काळ्या आईची ओटी त्या दिवशी भरायची असते. घरातली थोरली सून भरते.

सत्यशीलेनं ताट केलं. खण, नारळ, हळदकुंकू. ती कोपीत वाकून शिरणार, तेवढ्यात कस्तुराबाईनं ताटाला हात घातला.

“औंदा पुनम भरंल.”

“मी दर साली भरते आत्याबाई.”

“म्हनूनच म्हनते. औंदा लेकुरवाळीला भरू दे.”

पुनम ओशाळली. “आक्कालाच भरू द्या की,” ती पुटपुटली, पण ताट तिच्या हातात गेलं होतं. व्यंकट दोन हातांच्या अंतरावर उभा होता. त्यानं ऐकलं आणि बैलांना कडबा टाकायला गेला. बैलांसमोर कडबा होताच.

दुपारी पंगत बसली. शेजारचा संगप्पा आपला सारा गोतावळा घेऊन आला. सत्यशीलेचा बाप लक्ष्मणराव चाकूरकडून मुद्दाम आला होता. पांढरं धोतर, पांढरी टोपी, हातात लेकीसाठी बोरांची पिशवी. सगळे भज्जीवर ताव मारून राहिले होते, आंबिलाचे पेले फिरत होते. तेवढ्यात कोपीच्या मागून कस्तुराबाईचा आवाज चढला. ती सत्यशीलेला दंडाला धरून ओढत पुढं घेऊन आली. सत्यशीलेच्या दुसऱ्या हातात जळती विडी होती. टाकायचंसुद्धा तिला सुधरलं नव्हतं.

“बगा! पाव्हणं, बगा तुमच्या लेकीचे गुन! सनासुदीचं देवाच्या कोपीमागं बसून विडी वढून राहिली! आता कळलं का, नळ्या मोकळ्या असून पदरात का पडत न्हाई ते? आतलं समदं जाळून बसली बया! माज्या लेकाची जिंदगी नासली!”

पंगतीतले हात जागच्या जागी थांबले. संगप्पाच्या बायकोनं तोंडाला पदर लावला. लक्ष्मणरावानं ताट बाजूला सारलं आणि उठला.

“खरं हाय का गं बाई?”

सत्यशीलेनं मान खाली घातली. ‘यांनीच लावली’ एवढं ती म्हणू शकत होती. तिनं नवऱ्याकडं पाहिलंही नाही, त्याला अडचण होऊ नये म्हणून. आणि व्यंकट? व्यंकट मनातल्या मनात देवाला विनवत होता, की हिनं माझं नाव घेऊ नये. पुढं जन्मभर त्याला आपल्या त्या विनवणीची किळस येत राहिली.

“तुमची लेक घिऊन जावा,” कस्तुराबाई म्हणाली. “आमी आमच्या लेकाचं बघू काय बघायचं ते. माणसं पोरी द्यायला तयार हायत.”

लक्ष्मणरावानं टोपी काढली. म्हाताऱ्याचं डोकं उन्हात पांढरंफेक दिसलं. तो वाकला आणि ती टोपी त्यानं कस्तुराबाईच्या पायांपाशी, ढेकळांत ठेवली. “ईनबाई, पोटात घाला. मी तिला समजावतो. पर घरातून काडू नगा.”

ते मात्र व्यंकटला बघवलं नाही.

“आण्णा, उचला ती टोपी,” तो म्हणाला. त्याचा आवाज चिरकला. “आई, तिला विडी म्याच लावली. पेरताना पेटवून दे म्हनायचो. अन् दोष तिच्यात न्हाई. माज्यात हाय.”

मग संगप्पानं मान डोलवली. “वा रं वा! काय मन हाय पोराचं! बायकूचा ऐब आपल्या अंगावर घिऊन राहिला. असा नवरा मिळत न्हाई बग पोरी.”

कस्तुराबाईचे डोळे भरले. तिनं लेकाच्या तोंडावरून हात फिरवला. “लई भोळा हाय माजा येंकट. पयल्यापासून असाच.”

आणि सगळ्या बाया सत्यशीलेकडं असं बघायला लागल्या, की एवढ्या देवमाणसाला हिनं काय दिवस दाखवले! व्यंकटच्या अंगावर काटा आला. खरं बोलून तो वर चढला होता आणि ती आणखी खाली गेली होती. इथं गप्प बसला असता तर जन्मभर देवमाणूस म्हणून मिरवला असता.

“भोळा न्हाई मी!” तो ओरडला. “लबाड हाय! लातूरच्या डाक्टरनं मला डबी दिली हुती. संडासात जाऊन तिच्यात…” समोर आई होती, भावजय होती, सासरा होता. तो जमिनीकडं बघून बोलत राहिला. “बीज काडून द्यावं लागलं. दार धरून उभा हुतो. डाक्टर म्हनला, तुमचं बीज कमी हाय, मरगळलंय, विडीनं झालंय. तीन म्हैने सोडा म्हनला. म्या सोडली न्हाई. बाईच्या आतलंबी धुरानं सरतंय म्हनला, ते भरून येत न्हाई म्हनला. तरीबी म्या हिला पेटवायला लावली. घरी यिऊन समदं बेस हाय म्हनून सांगितलं. इचारा लातूरला जाऊन.”

आता कोणी वा म्हटलं नाही. असलं चारचौघांत कोणी खोटं सांगत नाही, हे संगप्पालाही कळत होतं. तो आपल्या ताटातल्या उंड्याकडं बघू लागला. सुदर्शननं पाठ फिरवली. कस्तुराबाईचा हात लेकाच्या गालावरून निसटून खाली आला आणि ती मटकन बांधावर बसली.

मग सत्यशीला बोलली. तिचा आवाज साधा होता, बी किती उरलं ते विचारावं तसा.

“उदगीरला मला नेलं, तवा तुमाला हे ठावं हुतं?”

व्यंकटनं तोंड उघडलं. ‘नंतर कळलं’ म्हणता आलं असतं. कोणाला पत्ता लागला नसता.

“हुतं,” तो म्हणाला.

“मी आत वरडले, ते ऐकलं तुमी?”

“ऐकलं.”

तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. मग ती वाकली, ढेकळांतली टोपी उचलली, पदरानं झटकली आणि बापाच्या डोक्यावर ठेवली.

“आण्णा, बसा. ताट अर्धं टाकून उठू ने सनाचं. जेवा. मंग जाऊ आपन.”

“बाई, तू कशाला जातीस आता?” कस्तुराबाई बसल्या जागेवरून म्हणाली. तिचा नूर पार उतरला होता. “चुकलं माजं. घर तुजं हाय.”

“तुमी काडता म्हनून न्हाई जात आत्याबाई. मला जायचंय म्हनून जाते.”

तिनं बापाशेजारी बसून स्वतःचं ताट वाढून घेतलं. भज्जी घेतली, उंडा घेतला, आणि सगळ्यांसमोर, सावकाश, पोटभर जेवली. पुनमनं तिला आंबील ओतून दिलं. व्यंकट तसाच उभा होता. त्याला कोणी बस म्हटलं नाही.

बापलेक निघाली तेव्हा तो बांधापर्यंत मागं गेला. “सत्यशीले, मी येतो न्यायला. विडी सोडून येतो.”

ती थांबली. “आमच्या गावात मला वांझ म्हनत्यात. सात वर्सं झाली, माजी आई बारशाला जात न्हाई कुनाच्या, नावं ठिवत्यात म्हनून. तिथं या. पारावर चार मानसं बसत्यात, त्येंच्याम्होरं हे असंच सांगा. मंग बघू यायचं का न्हाई ते.”

व्यंकटनं मान हलवली.

“मान नगा हलवू,” ती म्हणाली. “तोंडानं बोला.”